काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला

त्या माळावर कुणाचे घर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. लावे गवतात राहत, ससे निवडुंगाआड, चंडोल ढेकळांच्या सावलीत, आणि टिटव्या तर उघड्या खड्यांवरच अंडी घालत. पण नेमके कोणते गवत आणि कोणते खडे, हे शेजाऱ्यालाही माहीत नसे. दोघी भेटल्या की तब्येतीची चौकशी होई, पिल्लांची होई, उन्हाच्या तडाख्याबद्दल बोलणे होई. "राहता कुठे?" असे मात्र कुणी विचारत नसे. विचारणारा एक तर अजाण असे, नाही तर भुकेला.

टिटव्यांनी या लपवण्याची कलाच केली होती. शत्रू दिसला की टिटवी घरट्यापासून लांब धावत जाई आणि तिथे जीव तोडून ओरडे. कधी पंख मोडल्याचे सोंग करून फरफटत चाले. त्यामुळे शिकाऱ्यांनाही एवढे समजले होते की टिटवीच्या ओरडण्यावर जायचे नाही, आणि लंगड्या टिटवीकडे तर पाहायचेसुद्धा नाही.

उमी टिटवीने त्या उन्हाळ्यात चार अंडी घातली. जागा तिनेच निवडली होती. तिचा नवरा दगडू याला ती आवडली होती, पण तो मोठ्याने काही बोलला नाही. जागेबद्दल मोठ्याने बोलायचे नसतेच. दोघे पाळी लावून अंड्यांवर बसत. ऊन चढले की एकाने डोहावर जायचे, पोटाची पिसे भिजवून आणायची आणि ओल्या पोटाने अंडी गार करायची. तोवर दुसऱ्याने सावली धरायची. माळावर टिटव्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच वाढल्या होत्या.

एका सकाळी घारीने दगडूवर झडप घातली. तो निसटला, पण त्याचा उजवा पंख दुखावला. डोह लांब होता. उडता येत नाही म्हटल्यावर त्याचे पाण्याला जाणे बंद झाले, आणि उमीला अंडी सोडून जायची भीती वाटू लागली. दगडू सावली धरे, पण उन्हाने तापलेल्या खड्यांवर नुसत्या सावलीने काय होणार? दुपारी अंड्यांना चोच लावली की उमीला चटका बसे.

त्याच दिवसांत माळावर घरपोच मंडळी आली.

मंडळीचे मालक शुभंकरराव हे जातीने भारद्वाज. अंग काळेभोर, पंख विटकरी, डोळे लाल. सकाळी सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असे माळावर सगळे मानत, आणि शुभंकरराव स्वतःही मानत. म्हणून ते सावकाश चालत, सगळ्यांना नीट दिसावे म्हणून. उंबराच्या झाडावर बसून त्यांनी मंडळीची घोषणा केली. ज्याचे त्याचे दाणापाणी ज्याच्या त्याच्या दारात. बदल्यात काही द्यायचे नाही.

"मग तुमचं चालतं कसं?" एका म्हाताऱ्या सशाने विचारले.

"आमचं आपल्या विश्वासावर चालतं," शुभंकरराव म्हणाले.

हे ऐकून पुष्कळांना गहिवरून आले. ससा एकटाच कान खाजवत राहिला.

उमी तीनदा त्या झाडापर्यंत जाऊन परत आली. चौथ्यांदा ती रांगेत उभी राहिली. मंडळीकडे कामाला साळुंक्या होत्या. त्यांची स्मरणशक्ती अशी की ऐकलेला शब्द जसाच्या तसा, त्याच सुरात परत म्हणून दाखवत. उमीच्या वाट्याला बकुळा नावाची साळुंकी आली. ती बोलायला फार गोड होती, आणि तो गोडवा खोटा नव्हता.

"पाणी कुठे आणायचं, ताई?"

"तिकडे," उमी म्हणाली आणि चोचीने हवेतच काहीतरी दाखवले.

"तिकडे म्हणजे अख्खा माळ आहे, ताई. पाण्यात भिजवलेलं शेवाळ तोवर माझ्या चोचीतच वाळून जाईल. जरा नीट सांगा ना."

मागे रांग वाढत होती. ऊन चढत होते.

"आधी अटी ऐकून घ्या," बकुळा म्हणाली.

अटी सांगायला तांबट नेमला होता. तो फांदीवर ताठ बसला आणि त्याने सुरुवात केली : टुक, टुक, टुक, टुक. प्रत्येक टुकला वेगळा अर्थ आहे, असे मंडळीचे म्हणणे होते. उमीने आधी लक्ष देऊन ऐकले. मग तिला खड्यांवरची अंडी दिसू लागली. सूर्य उंबराच्या शेंड्यावर आला तरी टुक टुक संपेना.

"सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही," बकुळा हळूच म्हणाली. "मान हलवली तरी चालतं. सगळे तेच करतात."

उमीने मान हलवली. मग ती बकुळाच्या अगदी जवळ गेली आणि जन्मात पहिल्यांदा तिने ते शब्द तोंडाबाहेर काढले : "काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला." घरी परतताना तिला उगाचच वाटत राहिले की आपण रस्त्याने उघड्या अंगाने चाललो आहोत. दुपारी बकुळा ओल्या शेवाळाचा मोठा गोळा घेऊन आली, तेव्हा ती भावना गेली.

सेवा खरोखरच चांगली होती. सकाळी शेवाळ, दुपारी शेवाळ, संध्याकाळी ताज्या वाळवीचा घास. अंडी गार राहू लागली. दगडू दगडाआड पडून पंखाला विश्रांती देऊ लागला. प्रत्येक खेपेला बकुळा एखादी चौकशी करी. अंडी किती? नवऱ्याचा पंख कुठला दुखावलाय? तुम्ही डोहावर साधारण कधी जाता? रात्री कुणाची भीती वाटते? तिला हे सगळे का हवे, असे दगडूने एकदा विचारले. "सेवा सुधारायला," बकुळा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वाळवी खरेच जास्त आली.

मंडळीचे कार्यालय उंबराच्या ढोलीत होते. गोळा केलेली माहिती साळुंक्यांच्या डोक्यात, आणि साळुंक्या ढोलीत. ढोलीच्या तोंडाशी गांधीलमाश्यांचा पहारा होता. त्यांच्या डंखाची एवढी दहशत होती की खुद्द ग्राहकही लांबूनच नमस्कार करत. माहिती सुरक्षित आहे, याची सगळ्यांना खात्री होती. ढोलीला मागच्या बाजूने आणखी एक भोक होते. पण ते हवेसाठी होते.

माळावर हळूहळू लहान लहान नवलाच्या गोष्टी घडू लागल्या. एक खार काटक्या विकत उमीच्या दारात आली आणि म्हणाली, "मालकांचा उजवा पंख दुखतो ना? टेकायला बऱ्या पडतील." एक मुंगूस रोज समोरून जाई आणि अदबीने म्हणे, "चौघं बरी आहेत ना?" उमी बरी आहेत म्हणे, आणि मग दिवसभर तिला अन्न गोड लागत नसे.

उमीची शेजारीण गोदी लावी. ती शेजारीण आहे, हेसुद्धा उमीला मंडळीमुळेच समजले, कारण बकुळा एकदा सहज म्हणाली होती की आता मी कुसळी गवतातल्या गोदीवहिनींकडे निघाले. एका दुपारी गोदी धावत आली. तिला नीट बोलता येत नव्हते.

"घोरपड," ती म्हणाली. "सरळ आली. गवत हुंगलं नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. जशी काही स्वतःच्या घरात आली. एकही ठेवलं नाही गं."

उमीने तिला पंखाखाली घेतले. ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मंडळीतर्फे निवेदन झाले. एका पाहुणीला एका ग्राहकाच्या घराची ओळख अनपेक्षितपणे झाल्याचे मंडळीच्या कानावर आले आहे. मंडळीला त्याचे दुःख आहे. गोदीवहिनींना पूर्ण हंगाम जादा वाळवी देण्यात येईल. त्यासाठी त्यांनी आपला नवीन पत्ता लवकरात लवकर कळवावा.

उमी तडक कार्यालयात गेली. शुभंकररावांनी तिला स्वतः भेट दिली. ते फांदीवरून खाली उतरले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मोठ्या पदावरचा असा जमिनीवर बसतो, हे पाहून तिचा राग जरा ओशाळला.

"राव, आमच्या घराचा पत्ता तुम्ही विकता का?" तिने विचारले.

"छे!" शुभंकररावांना खरोखर वाईट वाटले. "उमीबाई, विकलेली वस्तू आपल्याजवळ राहत नाही. तुमचा पत्ता आजही आमच्याजवळच आहे. वाटल्यास बकुळाला विचारा."

बकुळाने लगेच म्हणून दाखवला. आजूबाजूच्या चार रांगांनी ऐकला.

"मग तो विसरून जा," उमी म्हणाली. "माझं सगळं विसरून जा. तो माझा हक्क आहे की नाही?"

"अलबत आहे. अटींतच आहे," शुभंकरराव म्हणाले. "आजपासून आम्ही विसरलो."

मंडळीचे काम चोख होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच बकुळा उंबराच्या शेंड्यावर चढली आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिने जाहीर केले : "कळवण्यास आनंद होतो की उमी टिटवी, काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला, अंडी चार, नवऱ्याचा उजवा पंख निकामी, दुपारच्या आत डोहावर जाते, ही सर्व माहिती मंडळी पूर्णपणे विसरली आहे!" विसरल्याची खात्री रोज द्यावी, असा नियम होता. म्हणून तिसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि चौथ्याही.

अंडी उचलून नेता येत नाहीत. उमी त्यांच्यावर बसून राहिली. दगडू समोर येऊन बसला.

"आता ओरडायचं तरी कुठे जाऊन?" तो म्हणाला. "मी कुठेही ओरडलो तरी ओरडतो तिथे घर नाही, हे घोरपडीला आधीपासून माहीत आहे. घर कुठे आहे, ते आता माहीत झालं. राहिलं काय?"

"माझंच चुकलं," उमी म्हणाली.

"पाणी नसतं तर ही अंडी तेव्हाच उकडली असती. ते सोड. तिला काय माहीत नाही, ते बघू."

दोघे विचार करत बसले. एकेक गोष्ट काढावी, तर ती कुठल्या ना कुठल्या दिवशी बकुळाला सांगितलेली निघे. शेवटी दगडूने उजवा पंख हळूच उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दोन दिवसांपासून तो दुखायचा थांबला होता. हे त्याने उमीलासुद्धा सांगितले नव्हते. उडून पाहिल्यावर सांगावे, म्हणून राहिले होते.

दुपारी बकुळा शेवाळ घेऊन आली. पत्ता विसरलेला असूनही ती बरोबर आली. "सवयीनं पाय वळले," ती म्हणाली आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, "पंख कसा आहे, भाऊंचा?"

ओरडून फसवणे उमीला जन्मापासून येत होते. पण इतक्या मायेने विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे वेगळे होते.

"तसाच आहे," ती म्हणाली. "आता नाही सुधारायचा बहुतेक. जमिनीवरून चार पावलं उचलून टाकायचीही पंचाईत आहे."

बकुळाचे डोळे भरून आले. "असं कसं हो, ताई," ती म्हणाली. जाताना ती दोनदा मागे वळली. ऊन कलण्याच्या आत ते वाक्य ढोलीच्या मागच्या भोकातून, त्याच गहिवरलेल्या सुरात, घोरपडीच्या कानी पडले.

घोरपड दुसऱ्या दिवशी आली. तिला शोधायचे काहीच नव्हते. जीभ आत-बाहेर करत ती सरळ काळ्या दगडाच्या रोखाने चालत होती. उमी अंड्यांवर चिकटून बसली. तिच्या गळ्यापर्यंत ओरडा आला होता, तो तिने आवरला. दगडू दगडाआडून बाहेर पडला आणि उजवा पंख जमिनीवर ओढत घोरपडीच्या वाटेत आडवा गेला.

एरवी घोरपडीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. हे सोंग तिने लहानपणापासून शेकडो वेळा पाहिले होते. पण आज ती थांबली. हे सोंग नाही, याची तिला पक्की माहिती होती. आणि मंडळीची माहिती आजवर कधी चुकली नव्हती. अंडी काही पळून जात नाहीत. उडता न येणारा भरला पक्षी मात्र रोज समोर येत नाही. घोरपड वळली.

दगडू धडपडत पुढे, घोरपड मागे. त्याची भीती खोटी नव्हती. बऱ्या झालेल्या पंखाने तो अजून एकदाही उडाला नव्हता, आणि तो पंख आपल्याला पेलेल की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हते. माळ संपतो तिथे एक खोल ओघळ होती, तळाशी बोरीचे काटे. घोरपडीचा श्वास शेपटीला लागला तेव्हा दगडूने काठावरून अंग टाकून दिले. क्षणभर तो दगडासारखा खाली गेला. मग पंख उघडला, कुरकुरला आणि त्याने हवा धरली. घोरपडीला थांबता आले नाही.

काट्यांतून निघायला तिला बराच वेळ लागला. त्यानंतर ती कार्यालयात आली ती मागच्या भोकाने नव्हे, सरळ पुढच्या दाराने, सगळ्या रांगेच्या देखत.

"तुमची माहिती खोटी निघाली!" ती कडाडली. तिच्या पाठीत अजून काटे होते. "तुमच्या भरवशावर मी वारुळं उकरून वाळवी पुरवते, आणि तुम्ही मला असं तोंडघशी पाडता?"

शुभंकरराव लगबगीने खाली उतरले. "एका ग्राहकाने आपली फसवणूक केली, याचं मंडळीला मनापासून दुःख आहे," ते म्हणाले. "सखोल चौकशी होईल."

गोदी लावी रांगेत होती. तिने चोचीतली जादा वाळवी जमिनीवर ठेवली आणि ती त्या वाळवीकडे पाहत राहिली.

"या बाई आपल्या कोण?" म्हाताऱ्या सशाने विचारले.

"भागीदार," शुभंकरराव म्हणाले.

"हे आम्हाला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं," वरून तांबट म्हणाला. तो दुखावला गेला होता. "सूर्य डोक्यावर आल्यानंतरच्या भागात."

माळावर बंड वगैरे काही झाले नाही. तिथे कुणालाच बंड करायची सवय नव्हती. लोक रांगेतून आपापल्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून साळुंक्यांना अत्यंत नम्रपणे उत्तरे देऊ लागले. ससा म्हणाला, मी हल्ली डोहाच्या तळाशी राहतो. चंडोलाने पिल्लांची उंची रेड्याएवढी सांगितली. गोदीने गांधीलमाश्यांच्या पोळ्याचा पत्ता स्वतःचा म्हणून दिला, आणि त्या पत्त्यावर एक मुंगूस जाऊनही आले. मंडळीकडे कधी नव्हती एवढी माहिती जमा झाली. शुभंकररावांनी त्याबद्दल माळाचे जाहीर आभार मानले. पण भागीदार एकेक करून गेले, त्यांच्याबरोबर वाळवी गेली, आणि साळुंक्या रिकाम्या चोचीने नुसते प्रश्न घेऊन फिरू लागल्या.

बकुळा एकदा काही न विचारताच येऊन बसली. बराच वेळ तिने पिसे साफ केली.

"ताई," ती म्हणाली, "मलाही आता घरटं करायचंय. नदीकडची एक जागा बघितलीय. म्हणजे त्या वाकड्या..."

"मला सांगू नकोस," उमी म्हणाली.

बकुळा थांबली. एखादे वाक्य अर्ध्यावर सोडायची तिची ही पहिलीच वेळ असावी. ती तशीच उठली आणि उडून गेली, ती पुन्हा कामावर दिसली नाही.

अंडी फुटली ती एका ढगाळ सकाळी. तीन पिल्ले निघाली. चौथे अंडे फुटले नाही. डोहावर जाऊन यायला उशीर झालेल्या कुठल्यातरी दुपारी ते आतल्या आत थांबले होते. टिटवीची पिल्ले अंग वाळताच चालू लागतात, घरट्यात राहत नाहीत. दगडू त्यांना घेऊन पुढे गेला. उमी त्या एका अंड्याजवळ थोडा वेळ बसली, मग तिने त्यावर चार खडे सारले आणि ती त्यांच्या मागे निघाली.

दिवस मावळायला आला तेव्हा सगळे कोरड्या ओढ्याच्या कडेने चालले होते. पलीकडच्या करवंदीच्या जाळीजवळ काहीतरी हलले. उमीने पिल्लांना पोटाखाली घेतले. दगडूही जागच्या जागी खडा होऊन बसला.

ते शुभंकरराव होते. एकटेच, चोचीत एक जाडजूड सुरवंट. जाळीवरून ते पुढे निघून गेले, वळले, आणि दुसऱ्या बाजूने परत आले. पुन्हा पुढे गेले, पुन्हा परत आले. मग थांबून त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आभाळात पाहिले. जाळीच्या आतून बारीक चिवचिव ऐकू आली, तशी त्यांनी सुरवंट खाली टाकून आतल्यांना घाईघाईने गप्प केले. सुरवंट उचलून ते काट्यांत शिरले, पण अर्धेच. कारण मागे ओढ्याच्या मऊ मातीत त्यांची पावले स्पष्ट उमटली होती. ते पुन्हा बाहेर आले, आणि ओढ्याच्या मध्यापासून जाळीपर्यंत, हळूहळू सरकत, आपल्या लांब शेपटीने एकेक पाऊल नीट पुसत आत गेले.